सीट अब्बांची, गुडघे माझे



आपला वर्धा जिल्हा तसा पायी चालणाऱ्यांचा. 1936 साली गांधीजी मगनवाडीतून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले ते पायी. 1951 साली विनोबा पवनारहून हैदराबादकडे निघाले तेही पायीच, आणि त्यातून जी भूदानाची यात्रा सुरू झाली ती पुढे तेराएक वर्षे चालली. अशा थोर पावलांच्या जिल्ह्यात मी मात्र सायकलवाला. वर्धा ते सेवाग्राम हे आठेक किलोमीटर अंतर मी नोकरीसाठी रोज सायकलने जातो आणि येतो. आज बोलणार आहे ते सायकलवर बसावे कसे याविषयी. तुम्ही म्हणाल, हा काय भाषणाचा विषय झाला? मलाही अठरा वर्षे तसेच वाटत होते.

माझी सायकल मूळची अब्बांची. काळी, बावीस इंची, दांड्याची. अब्बा जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या हंगामात पहाटे निघायचे, रात्री परतायचे. 2001 साली अब्बा गेले. घड्याळ मोठ्या भावाकडे गेले, सायकल माझ्याकडे आली. मी तिचे टायर बदलले, चेन बदलली, ब्रेकचे रबर तर किती वेळा बदलले. सीटला मात्र हात लावला नाही. अब्बांची उंची पाच फूट दोन इंच, माझी पाच फूट नऊ. त्यांनी सीट पार खाली, फ्रेमला टेकेल इतकी ठेवलेली होती. ती तशीच राहिली. खरे सांगायचे तर ती वर करणे मला बेअदबी वाटायची.

पंचेचाळिशीनंतर गुडघे बोलू लागले. आधी जिना चढताना, मग रात्री झोपेत. वाटीच्या पुढच्या बाजूला कळ यायची. डॉक्टर म्हणाले, वय झाले, सायकल सोडा, स्कूटी घ्या. घरातही तेच सुरू झाले. सायकल सुटणार या विचाराने मी हललो. माझ्या निम्म्याहून जास्त कविता त्या आठ किलोमीटरमध्ये झालेल्या आहेत.

2019 च्या उन्हाळ्यात पंक्चर काढायला चौकातल्या काकांकडे थांबलो. ते माझ्याकडे नाही, माझ्या गुडघ्यांकडे पाहत होते. मग विचारले, "हे सीट कोनाची व्हय जी?"

म्हटले, "माझ्या वडिलांची."

"तं मंग सायकल कोन चालवते?"

मला उत्तर देता आले नाही.

श्रोतेहो, हिशेब साधा आहे. पुढच्या चक्राला 44 दात आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 दात असतील, तर आपल्या अठ्ठावीस इंची चाकाच्या सायकलवर पायडलच्या एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर अंतर कापले जाते. म्हणजे सेवाग्रामला पोहोचेपर्यंत साडेचौदाशे फेऱ्या. परतीच्या धरून एका दिवसात प्रत्येक गुडघा एकोणतीसशे वेळा दुमडतो आणि उघडतो. सीट खाली असली की गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो, आणि तशा दुमडलेल्या अवस्थेतच त्याला जोर लावावा लागतो. वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. उकिडवे बसून उठण्याचाच तो प्रकार, दिवसातून एकोणतीसशे वेळा. सीट फार वर असली तरी वाईटच. मग पाय पुरत नाही, कंबर डावी-उजवी डोलते आणि गुडघ्याच्या मागची शीर ताणते.

मग बरोबर उंची कोणती? काकांची रीत अशी. सायकल भिंतीला टेकवा. सीटवर बसा. पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर कलता कामा नये. चालवताना मात्र पायडलवर टाच ठेवायची नसते, तळव्याचा मधला खोलगट भागही नाही. ठेवायचा तो बोटांच्या मागचा रुंद भाग, चवडा. तो ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो. तेवढाच हवा.

मी बी. ए. झालेला माणूस, आकड्याशिवाय समाधान होत नाही. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने एक सूत्र प्रसिद्ध आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, मांड्यांमध्ये एक वही वरपर्यंत दाबून धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. त्याला 0.883 ने गुणायचे. क्रँकच्या मध्यापासून उभ्या नळीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर हवे. माझे माप 80 सेंटिमीटर. गुणाकार आला साधारण साडेसत्तर. अब्बांची सीट होती 64 वर. साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार बोटे मी अठरा वर्षे कमी बसत होतो.

सीटचा दांडा गंजून नळीत बसला होता. काकांनी रॉकेल सोडले, रात्रभर राहू दिले. दुसऱ्या दिवशी पाना लावून, सीट पिळून पिळून तो सुटला. एका दिवसात सगळी उंची त्यांनी वाढवली नाही. "आंगाले सवय लागू द्या," म्हणाले. आधी दीड बोट, मग दर आठवड्याला थोडी थोडी. आणि एक ताकीद दिली: दांडा किमान अडीच इंच तरी नळीच्या आत राहिलाच पाहिजे, नाहीतर भर रस्त्यात दगा देईल.

उंचीनंतर बाकीच्या गोष्टी. सीट सपाट हवी. तिच्यावर पट्टी ठेवून पाहावी. नाक खाली झुकले तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो; वर उठले तर नाजूक जागी दाब येतो. हँडल किती दूर असावे? कोपर सीटच्या नाकाला लावून हात पुढे केला की बोटे हँडलच्या आसपास पोहोचावीत, हा जुना अंदाज. हात ताठ नकोत, कोपरात थोडी ढील हवी. ताठ हाताने चालवले की खड्ड्याचा प्रत्येक धक्का मानेत जातो. करंगळीला मुंग्या येत असतील तर समजावे, तळहाताच्या त्या बाजूची नस दाबली जाते आहे.

आणि पाठ. वारा समोरून असला की आपण वाकतो, ते योग्यच आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. पण बहुतेक लोक पाठीची कमान करून वाकतात. वाकायचे कमरेच्या सांध्यातून. लहानपणी नमाज शिकवताना रुकूच्या वेळी अब्बा माझ्या पाठीवर तळहात ठेवत आणि म्हणत, पाठ अशी सपाट हवी की पाण्याचा पेला ठेवला तरी सांडू नये. आमच्याकडच्या शेतात निंदणाऱ्या बायकाही कमरेतूनच वाकतात, म्हणून दिवसभर टिकतात. अब्बांनी मला सायकलवर बसायला शिकवलेच होते, मला ते उशिरा कळले, एवढेच.

दीड-दोन महिन्यांत जिन्यावरची कळ ओसरली. प्रत्येक गुडघेदुखी सीटमुळे असते असे मी म्हणणार नाही, डॉक्टरांना दाखवावेच. पण दाखवण्याआधी एकदा सीटही पाहावी.

आता हे सारे सांगण्याचे खरे कारण. सकाळी शाळेच्या वेळी कुठल्याही गावच्या रस्त्यावर उभे राहा. मुली सायकलवरून येताना दिसतात. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या कित्येक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळाली आणि त्यांची शाळा सुटता सुटता राहिली. पण बघा, बहुतेकींची सीट सर्वांत खाली. सायकल घेतली त्या दिवशी दुकानात जिथे होती तिथेच. मुलगी आठवीतून दहावीत जाते, हातभर उंच होते, सीट तिथेच राहते. गुडघे हँडलला लागू लागतात. मग "पाय दुखतात" म्हणून सायकल घरी आणि कधी कधी मुलगीही घरी.

माझी धाकटी अकरावीत. तिचेही तसेच. मी पाना घेऊन गेलो तर म्हणाली, "अब्बू, नको. पाय जमिनीला टेकणार नाहीत, पडेन मी." ही भीती खरी आहे, आणि सगळ्यांच्या सीटा याच भीतीने खाली राहतात. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकत असतील तर समजा, सीट खाली आहे. थांबताना सीटवर बसून राहायचे नसते. पुढे सरकून उतरायचे आणि एक पाय खाली टेकायचा. आम्ही दोघांनी गल्लीत चार संध्याकाळी तेवढाच सराव केला: ब्रेक, पुढे सरकणे, पाय टेकणे. पाचव्या दिवशी ती कॉलेजला गेली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, आज रस्ता लहान वाटला.

माझ्या सायकलच्या सीटच्या दांड्यावर गंजाची एक गोल रेघ आहे. अब्बांच्या काळात दांडा जिथपर्यंत नळीत बुडालेला होता तिथे ती उमटली. आता ती नळीच्या वर चार बोटे दिसते. काका म्हणाले होते, घासून चकचकीत करून देतो. मी म्हटले, राहू द्या. ती अब्बांची उंची आहे. मी तिच्या वर बसतो, आणि सायकल अजून त्यांचीच चालवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)