रोज एक पाली शब्द
(नाशिक येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो,

दीक्षा घेतलेल्या घराघरांतून आता सायंकाळी वंदना होऊ लागली आहे. त्रिसरण व पंचशील लहान मुलांनाही मुखोद्गत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मुखोद्गत असणे निराळे आणि समजणे निराळे.

दस्तऐवजातील मजकूर न समजता जो खाली अंगठा उमटवितो, तो पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवितो. हे आम्हा वकिलांना नित्य दिसते. पंचशील हाही एक करारच आहे. मात्र तो स्वतःशी केलेला. प्रत्येक शीलाच्या अखेरीस 'समादियामि' हे क्रियापद येते. 'मी अंगीकारतो' असा त्याचा अर्थ. 'वेरमणी' म्हणजे अलिप्त राहणे; 'सिक्खापद' म्हणजे शिकून आचरावयाचा नियम. येथे कोणी आज्ञा करीत नाही, कोणी शापाचे भय घालीत नाही. अंगीकारणारा 'मी' आहे. हा 'मी' ज्यास कळला नाही, त्याने शील घेतले की केवळ उच्चारले?

अर्थ न जाणता पाठ म्हणणारा समाज अर्थ सांगणाऱ्याचा ताबेदार होतो. मंत्र त्यांचा, अर्थ त्यांचा आणि दक्षिणा आमची, ही रीत आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास टाकून दिली. ती नव्या वेषाने घरात शिरता कामा नये. ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या नाशकास बंद दाराचा अर्थ सांगावयास नको. भाषेचेही दार असेच बंद होते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही. पर्शियन घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचे व्याकरण व शब्दकोश सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केला.

पाली आपणांस परकी नाही. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, सत्त म्हणजे सात, अट्ठ म्हणजे आठ. आणि घर म्हणजे घरच. आपल्या त्रिरश्मी लेण्यांतील लेखही पालीच्या भगिनी भाषांत, प्राकृतांत, आहेत. तेथील उषवदाताच्या लेखात कोष्टयांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवल्याची आणि त्या व्याजातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाची नोंद आहे. ते दान निगमसभेत सर्वांस ऐकविले होते, असेही लेख सांगतो. करार ज्यांना पाळावयाचा, त्यांना तो ऐकू यावा व समजावा, ही दृष्टी येथे सुमारे १९०० वर्षांपूर्वी होती.

आता कृती सांगतो. वंदना संपताच पंधरा मिनिटे बसावे. मुलाने वहीत एकच शब्द व त्याचा अर्थ लिहावा आणि सर्वांनी तो मोठ्याने म्हणावा. आरंभ वंदनेतील शब्दांपासूनच करावा, म्हणजे उजळणी आपोआप होते. 'गच्छामि', 'वन्दामि', 'समादियामि' या तिघांच्या शेवटी 'मि' आहे. तो 'मी'च होय. एवढे कळले की व्याकरणाचा पहिला धडा झाला. दुसऱ्या दिवशी आधी कालचा शब्द विचारावा. रविवारी आठवड्याचे सर्व. ज्या मातेस लिहिता येत नाही, तिने ऐकून म्हणावे. तिचे पाठांतर आपल्या वहीहून पक्के असते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन शब्द घेऊ नयेत; ओझे झाले की सवय मोडते. एकच शब्द, पण रोज. वर्षास ३६५ होतात.

पालीस स्वतःची अशी एक लिपी नाही. थायलंडात ती थाई लिपीत, सिंहलद्वीपात सिंहली लिपीत आणि आपल्याकडे देवनागरीत लिहितात. त्रिसरण मात्र सर्वत्र तेच. तेथील उपासक व आपण भेटलो, तर एकमेकांची बोली कळणार नाही. परंतु 'सरण' हा शब्द दोघांचाही असेल. तो आपण समजून उच्चारावा, इतकीच विनंती आहे. वही आज रात्रीच उघडावी.

जय भीम.