पाइपाला जात नसते

(परभणी जिल्ह्यातील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या पाइपाच्या वाद्याबद्दल सांग, असं मला सांगितलंय. एम.एस.डब्ल्यू.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. ते आपण वस्तीत बसून शिकलो, आणि सुरुवात झाली ती एका वादातून.

दारूबंदीचा मोर्चा होता. पुढे डफडं वाजवायला नेहमीसारखा गडी बोलवायचं ठरत होतं. मी म्हटलं, मोर्चा बायकांचा आहे, डफडंही आपणच वाजवू. फार पुढचं बोलले असं मला वाटलं. तेव्हा मातंग वस्तीतल्या एक अक्का उठल्या. म्हणाल्या, "ताई, तुमाला डफडं हौसेचं हाय. माझ्या सासऱ्यानं ते लग्नात, मयतीत, बोलावलं की वाजवलं. जेवाय मिळालं ते पंगत उठल्यावर. आता आमी ते हातात धरणार नाय."

सभा गप्प झाली. अक्कांचं खरं होतं. एका जातीवर वाजवायची सक्ती, दुसरीला शिवायचा विटाळ, आणि बाईला कुठंच परवानगी नाही.

वाटही अक्कांनीच काढली. त्यांच्या अंगणात पाइपलाइनचा उरलेला पाइप पडला होता. पोरं त्याच्या तोंडावर चप्पल हाणून 'धुम्म' आवाज काढायची. तिकडे सॉलोमन बेटांवरचे लोक बांबूच्या नळ्या अशाच रबरी चपलेनं वाजवतात, हे मला नंतर कळलं.

आता लिहून घ्या. अडीच इंची पीव्हीसी पाइप, वीस फुटी एकच पुरतो. तुकडे १२०, १०७, ९६, ८०, ७२ आणि ६० सेंटिमीटरचे. सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा. नळीतली हवा थरथरते म्हणून आवाज येतो. नळी आखूड, तेवढी थरथर जलद आणि स्वर उंच. ही मापं कच्ची आहेत. आखूड नळ्या जरा उतरलेल्या लागतील. कान लावून थोडं थोडं कापत जा. सगळ्यात आखूड नळीचे दोनेक सेंटिमीटर जातात. कड कानशीनं घासा, नाहीतर हात कापेल. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी नळ्या चौकटीला बांधा. दोन्ही तोंडं मोकळी राहू द्या. चपलेचा तळ मारला की लगेच उचलायचा. तो चिकटून राहिला तर स्वर खाली पडतो.

मोर्चा झाला. पण खरी परीक्षा पुढे होती. २००८ साली 'बेल बजाओ' मोहीम निघाली होती. शेजारी बाईला मार बसत असेल, तर दाराची घंटी वाजवा. आमच्या वस्तीत दाराला घंटी कुठली? आम्ही ठरवलं, आपण पाइप वाजवू.

एका रात्री पाच जणी चौकट घेऊन एका दारापुढे उभ्या राहिल्या. वाजवलं. तो बाहेर आला, खाली मान घालून निघून गेला. आम्ही खुशीत घरी गेलो. सकाळी तिनं सांगितलं, "तुमी गेल्यावर तो परत आला. या वक्ताला माझं तोंड दाबून मारलं."

हे मी लपवणार नाही. त्या रात्री आम्ही वाजवलं आणि झोपलो, ही आमची चूक. आता नियम असा आहे: दोघी जणी रात्रभर तिच्यापाशी थांबतात, नाहीतर तिला आपल्या घरी आणतात. गरज पडली तर ११२ ला फोन करतात. सकाळी तिला विचारून, तिची तयारी असेल तर, संरक्षण अधिकाऱ्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज. ती नको म्हणाली, तरी जाणं-येणं तोडायचं नाही.

आवाजानं दार उघडतं, एवढंच. आत आपल्यालाच जावं लागतं.

आज चौकट इथं आणली आहे. अक्का पहिली थाप मारतील. मग ज्यांनी आयुष्यात कधी काही वाजवलं नाही, त्यांनी पुढं यावं. चपला पायात आहेतच.