पत्त्यांचा डाव आणि मुलांची घडण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त आंबिवली येथे भरलेल्या पालकसभेतील भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पालकांपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, आणि आम्ही विषय निवडला तो पत्त्यांचा. हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटली असेल. ती आठी अकारण नव्हे. पत्त्यांपायी धुळीस मिळालेले संसार आपण सर्वांनी पाहिले आहेत. संत बर्नार्दिन यांनी बोलोन्या शहरी पत्त्यांविरुद्ध उपदेश केला, तेव्हा लोकांनी आपापले पत्ते आणून अग्नीच्या स्वाधीन केले. ख्रिस्तसभेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात मात्र या बाबतीतले तारतम्य स्पष्ट केले आहे. असे खेळ स्वतः होऊन न्यायाविरुद्ध नाहीत. पण स्वतःच्या व आपल्या माणसांच्या निर्वाहास लागणारे धन जेव्हा त्यांत गमावले जाते, तेव्हा ते निषिद्ध होत. सारांश, दोष पानांत नाही, पणाला लावलेल्या पैशात आहे. तो पैसा दूर सारला आणि वडील माणूस मुलांच्या पंक्तीस बसला, तर हीच बावन्न पाने मुलांस चारचौघांत कसे वागावे हे शिकवतात, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या आंबिवली-मोहने भागात माणसे निरनिराळ्या जिल्ह्यांतून पोटासाठी येऊन वसली. रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडल्यावर तर पुष्कळांस रोजगारासाठी दूरची वाट धरावी लागली. बाप पहाटेच्या गाडीने जातो, रात्री परततो. गाडीत चार सोबत्यांच्या गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून तो रोज पत्ते खेळतो, हसतो, चिडतो, समजूत घालतो; आणि घरी त्याचा मुलगा कोपऱ्यात मोबाईलवर एकटाच खेळत असतो. त्या मोबाईलवर पत्त्यांच्या नावाखाली जुगार इतका माजला की, पैसे लावून खेळावयाच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारास २०२५ साली करावा लागला. कायदा आपले काम करील. पण मुलाशेजारची रिकामी जागा कायद्याने भरत नाही. ती आपणच भरावयाची आहे.

आता हे खेळ काय शिकवतात ते पाहू. लहानग्यांसाठी गुलामचोर. गुलामाची जोडी जुळू नये अशी आधी तजवीज करतात. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या हातातले एक पान न पाहता ओढावयाचे, जोडी लागली की खाली टाकावयाची, आणि शेवटी एकटा गुलाम ज्याच्या हाती उरेल तो चोर. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हाती गुलाम आला तरी चेहरा न पाडणे, आणि शेवटी ‘चोर’ ठरल्यावर सर्वांबरोबर स्वतःही हसणे, हे तीन धडे सात वर्षांच्या मुलास याहून स्वस्तात कोठे मिळणार?

बदाम सात हा खेळ थोडा पुढचा. बदामाच्या सत्तीने आरंभ करून प्रत्येक रंगात सत्तीच्या वर आणि खाली क्रमाने पाने लावावयाची. येथे एखाद्याने इस्पिकची छक्की दाबून ठेवली की इतरांची पंजी, चौकडी सारी अडून बसतात. आपल्या हातातल्या एका पानावर दुसऱ्याची वाट अवलंबून आहे, ही जाणीव मुलास प्रथम येथे होते.

पाच-तीन-दोन तिघांनी खेळावयाचा. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची पाने घेऊन त्यांतल्या दोन सत्त्या वगळल्या की तीस उरतात, प्रत्येकास दहा. एकाने पाच हात करावयाचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. पाचवाल्यावर भार अधिक, म्हणून हुकूम बोलण्याचा मान त्याचा. आणि हा भार डावागणिक फिरत राहतो. घरातल्या कामांची वाटणीही अशीच असावी, हे मुलांस सांगावे लागत नाही.

वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी मात्र मेंढीकोटासारखा खेळ नाही. चौघे जण, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. चार दश्श्यांपैकी अधिक ज्यांच्याकडे ते जिंकले, चारही घेतल्या तर कोट. भिडूस खूण करावयाची नाही. त्याने टाकलेल्या पानावरून त्याचे मन ओळखावयाचे, आणि त्याने चूक केली तरी पुढच्या हाताला त्याच्याच भरवशावर खेळावयाचे. जो मुलगा भिडूस दूषणे न देता हरलेला डाव शेवटपर्यंत खेळतो, तो उद्या संसारात व समाजातही साथ सोडणार नाही.

येथे आम्हांस आमचा एक अपराध सांगितला पाहिजे. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर आम्ही मुलांस पत्ते खेळावयास बसवू लागलो, तेव्हा एका मुलाने हातात किलवर असताना ते लपवून हुकमाने हात मारला. आम्ही ते पाहिले, त्याची पाने सर्वांपुढे उघडी केली आणि त्यास लबाड म्हटले. तो काही न बोलता पाने खाली ठेवून निघून गेला. पुढे चार रविवार तो आला नाही. शेवटी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, “हरलो असतो तर दादा घरी सगळ्यांना सांगून हसला असता.” आम्ही चोरी पकडली होती, तिच्यामागची भीती आमच्या दृष्टीस पडली नव्हती. पुढच्या रविवारी तो आला, तेव्हा पत्ते पिसून वाटण्याचे काम आम्ही त्याच्याकडे दिले. त्याने इतक्या काळजीने पाने वाटली की कोणाकडे एकही कमीअधिक गेले नाही.

त्या दिवसापासून आम्ही काही नियम पाळतो, तेच आपल्यापुढे ठेवतो. पैसा, खाऊ, पैज, काहीही लावू नये. खेळात एक तरी वडील माणूस असावे, आणि त्याने मुद्दाम हरू नये. पण हरल्यावर कसे वागावे हे स्वतःच्या वागण्याने दाखवावे. चूक सापडली तर बाजूस घेऊन सांगावी. हरलेल्याची थट्टा घरी नेऊ नये. आणि अभ्यासाची, जेवणाची वा प्रार्थनेची वेळ झाली की डाव अर्धा असला तरी मिटावा. कारण उठता येणे हाही खेळाचाच धडा आहे.

बंधुभगिनींनो, पत्त्यांत एक मोठी दया आहे. डाव कितीही वाईट गेला तरी पाने गोळा होतात, पिसली जातात, आणि प्रत्येकाच्या हाती पुन्हा सारखीच पाने येतात. मागच्या डावातला चोर या डावात चोर राहत नाही. आपल्या मुलांच्या चुकांनाही आपण घरी एवढी सवलत देऊ शकलो, तर या महोत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. आज रात्री गाडीतून उतरल्यावर बॅगेतला तो जोड घरच्या चटईवर काढा, आणि मुलांस हाक मारा.

प्रभू आपल्या सर्वांच्या घरांस शांती देवो.