बर्फावरचे दोन सवंगडी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



"गल्लीतल्या मुलांत मिसळून आमच्या मुलाची भाषा बिघडते," अशी तक्रार पालकसभेत नेहमी कानी येते. उत्तरादाखल मी आपणांस फार दूर, ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नेणार आहे.

तेथील इलुलिसाट गावी १८७९ साली क्नुड रासमुसेन जन्मला. वडील डॅनिश पाद्री, आईच्या घराण्यात थोडे इन्युइट रक्त. (इन्युइट म्हणजे ज्यांना आपली जुनी भूगोलाची पुस्तके एस्किमो म्हणत.) त्याच गावचा यॉर्गन ब्रनलुंड हा ग्रीनलंडकरांचा मुलगा, दीडएक वर्षाने मोठा. पाद्रीसाहेबांचा मुलगा म्हणून क्नुडला कोणी वेगळे बसविले नाही. गावच्या पोरांत तो त्यांची भाषा बोलू लागला, कुत्र्यांची गाडी हाकू लागला.

बाराव्या वर्षाच्या सुमारास क्नुड शिक्षणासाठी डेन्मार्कला गेला. यॉर्गन नूकच्या अध्यापक विद्यालयात शिकून धर्मशिक्षक झाला. पुढे १९०२ ते १९०४ च्या मोहिमेत दोघे पुन्हा एकत्र आले आणि मेलव्हिल उपसागराच्या बर्फावरून उत्तरेच्या इन्युइट वस्त्यांत पोहोचले. त्या लोकांच्या कथा लिहून घ्यावयाच्या होत्या. दुभाषा लागला नाही!

यॉर्गनची कहाणी मात्र लवकर संपली. दुसऱ्या एका डॅनिश मोहिमेत, १९०७ च्या नोव्हेंबरात, ईशान्य ग्रीनलंडमध्ये त्याचे दोघे डॅनिश सोबती दगावले. गोठलेल्या पायांनी तो एकटा अन्नसाठ्यापर्यंत आला आणि तेथेच गेला. मार्च १९०८ मध्ये शोध करणाऱ्यांना त्याच्यापाशी सोबत्याने काढलेले नकाशे आणि रोजनिशी सापडली. ती रोजनिशी तो आपल्या भाषेत लिहीत असे. शेवटची नोंद तेवढी डॅनिशमध्ये आहे. नकाशे ज्यांच्या हाती पडावयाचे त्यांना ती वाचता यावी, हाच हेतू असावा असे मला वाटते. मरणाच्या दारातही माणूस शिक्षकच राहिला.

क्नुडने १९२१ ते १९२४ या काळात ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत मजल मारली. वाटेतल्या इन्युइट वस्त्यांत, बोलीत थोडाफार फरक असला तरी, त्याचे बोलणे लोकांना समजत होते. ही भाषा त्याने कोणत्याही महाविद्यालयात शिकली नव्हती. ती इलुलिसाटच्या पोरांकडून घेतली होती.

पालकहो, पुढच्या सभेत तक्रार करण्यापूर्वी मुलाला त्याच्या सवंगड्यांची नावे तेवढी विचारून या.