काडाच्या भिंती आणि जमिनीचे मोल



इंग्लंडच्या उत्तरेकडील लीड्स शहरात, ब्रॅम्ली भागातील एका जुन्या शाळेच्या जागेवर, २०१३ साली २० घरांची एक सहकारी वसाहत राहती झाली. तिचे नाव लिलॅक. समाजवादी कार्यकर्त्यांनी तिचा अभ्यास दोन कारणांसाठी करावयास हवा.

पहिले कारण बांधकामाचे. लाकडी चौकटी, त्यांत दाबून भरलेले काड आणि वरून चुन्याचा गिलावा, अशा या भिंती आहेत. धान्य काढून घेतल्यावर जे उरते, तेच येथे थंडी अडविते. काडात कोंडलेली हवा घरातील ऊब बाहेर जाऊ देत नाही. काड घट्ट दाबल्यामुळे आगीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. चुना भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. मात्र जोते उंच नसेल वा वळचण आखूड असेल, तर काड कुजते. सिमेंट आणि वीट यांसाठी भट्टी पेटवावी लागते. उलट लाकूड व काड यांनी वाढताना शोषलेला कार्बन भिंत उभी आहे तोवर तेथेच राहतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. काडाचे घरही बाजारात गेले की महाग होते, कारण शहरात भाव भिंतीपेक्षा जमिनीचा असतो. १९८० च्या कायद्याने इंग्लंडमधील नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहती घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. लक्षावधी घरे सार्वजनिक मालकीतून गेली आणि त्यांतील बरीच पुढे खाजगी घरमालकांच्या हाती पडली.

लिलॅकने ही वाट बंद केली. घरे संस्थेच्या मालकीची आहेत. सभासद निव्वळ उत्पन्नाचे ३५ टक्के संस्थेला देतो. त्यातून कर्ज फिटते व त्याच्या नावे भाग जमा होतात. सोडून जाताना त्याला भागांचे मोल मिळते. पण ते वेतनमानाशी जोडलेले असते, घरांच्या बाजारभावाशी नव्हे. आपल्याकडील बहुतेक गृहनिर्माण संस्था नावाने सहकारी असतात. सदनिका विकताना दर मात्र बाजाराचा लागतो.

अर्थात २० घरांनी गृहप्रश्न सुटत नाही. ज्याला नियमित उत्पन्नच नाही, त्याला ३५ टक्क्यांच्या हिशेबाचा आधार नाही. त्याच्यासाठी सार्वजनिक घरबांधणीच हवी. परंतु ती घरेही उद्या बाजारात जाऊ नयेत, यासाठी जमिनीच्या वाढत्या मोलावर समाजाचा हक्क राखला पाहिजे. पर्यावरणाची चळवळ आणि घरांची चळवळ येथे एकत्र आली पाहिजे.