खानावळीची वही

हिंदमाताजवळून एका श्रोत्यांचं पत्र आलंय. म्हणतात, समुद्रात लोह टाकावं, प्लवक फोफावतील, हवेतला कर्बवायू पितील, मिटली कटकट. अहो, इतकं सोपं असतं तर!

तुमच्याच परळ-लालबागच्या खानावळी आठवा. भाकऱ्या किती भाजल्या एवढ्यावर मावशींचं भागायचं नाही. शिधा किती आला, जेवणारे किती, खाडे किती, टोपलीत उरलं काय, सगळं वहीत. प्लवकांचं गणिती प्रतिमान म्हणजे हीच वही. पोषकद्रव्यं हा शिधा, वनस्पतीप्लवक भाकऱ्या, प्राणीप्लवक जेवणारे. कशातून कशात रोज किती गेलं, त्याची समीकरणं. फॅशम आणि सहकाऱ्यांनी १९९० साली असे सात कप्पे मांडले. गंमत म्हणजे त्यांनी मोजला नायट्रोजन. त्यावरून कर्बाचा अंदाज, पिठावरून भाकऱ्यांचा करावा तसा.

आता लोहाचं. २००९ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी नेमकं हेच करून पाहिलं. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. दक्षिण महासागरात ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं. प्लवक वाढले, हो. पण तिथल्या पाण्यात सिलिका कमी, त्यामुळे कवचवाले डायटम वाढेनात. बाकीच्यांवर कोपेपॉड नावाच्या प्राणीप्लवकांनी ताव मारला. पंगत उठली, टोपली रिकामी! खाल्लेला कर्ब श्वासावाटे परत पाण्यात. खोल गेला तो अगदीच थोडा.

म्हणून पुन्हा सांगतो, उगवलं किती ते विचारू नका. तळाकडे गेलं किती ते विचारा.

आपला अरबी समुद्रच घ्या. पावसाळी वारे खालचं पाणी वर ओढतात, शिधाच शिधा, प्लवकांची चंगळ. तरी वर्षाच्या जमाखर्चात हा समुद्र कर्बवायू हवेत सोडणाराच ठरतो, कारण वर येणाऱ्या त्या पाण्यातच तो ठासून भरलेला असतो. नुसती हिरवाई पाहून भुलू नका म्हणतो, ते यासाठी. पत्र लिहिणाऱ्यांनी रागावू नये.

अरे, समोरचा दिवा लागला. नॉक्टिलुकाचं राहूनच गेलं. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्र हिरवा करणारा हा जीव दुसऱ्यांना खातो, आणि पोटात हिरवे सोबती पाळून उन्हावरही जगतो. म्हणजे स्वतःच भाकरी, स्वतःच जेवणारा. त्याला वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं, तर त्यासाठी आधी...