आवाज बिघडवायचा कसा



विंगेत लावणीवाल्या मुली नऊवारी नेसून ताटकळल्या आहेत आणि मागच्या रांगेतून पहिली शिट्टीही आली आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. निमंत्रणात लिहिलं होतं, आपल्या क्षेत्राविषयी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावं. माझं क्षेत्र म्हणजे गिटारचा चांगला, स्वच्छ आवाज बिघडवून देणं. लोक त्याचे पैसे देतात, हे आमच्या घरी अजून कुणाला पटलेलं नाही.

या बिघाडाच्या डबीला फझ पेडल म्हणतात. ती पायाशी ठेवायची, बटण पायानं दाबायचं, की गिटार भणभणायला लागते. तिचा जन्म खरोखरच एका बिघाडातून झाला. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोंट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. ग्रेडी मार्टिन बास गिटार वाजवत होता आणि मिक्सरचा एक भाग नादुरुस्त झाला. बास घरघरत आला. तो तुकडा तसाच ठेवला आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. मग इतर कलाकार तोच आवाज मागायला लागले. तोवर तो भाग पुरता निकामी झाला होता!

इथे मला ग्लेन स्नॉडी हा ध्वनिमुद्रक फार आवडतो. त्यानं दुसरा मोडका मिक्सर शोधला नाही. काय बिघडल्यावर असा आवाज येतो ते समजून घेतलं आणि ट्रान्झिस्टर जोडून तो बिघाड नव्यानं घडवला. हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीनं तो ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आणला. पुढे त्याला फारसं कुणी विचारेना. १९६५ मध्ये गिटारवादक कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात तो वापरला, तोही कच्चा आराखडा म्हणून, कारण त्याच्या मनात त्या जागी ब्रास वाद्यं होती. गाणं तसंच बाहेर पडलं आणि दुकानांतली पेडलं संपली.

आता आत काय घडतं ते बघू. तारेचा सूर म्हणजे वरखाली होणारी लाट. ट्रान्झिस्टर ती वाढवतो, पण नऊ व्होल्टच्या बॅटरीपलीकडे तो जाणार कुठे? डोंगराचा माथा कापला की पाचगणीसारखं पठार उरतं, तशी लाट वरून सपाट होते. आणि सपाट झाली की मूळ सुरात नव्हते ते वरचे स्वर त्यात उपजतात.

मिरजेत उभं राहून हे सांगताना जरा संकोच वाटतो. तुमच्याकडे तंबोऱ्याची घोडी मुद्दाम पसरट ठेवतात. तार तिच्या हलक्या उताराला लागत राहते आणि वरचे स्वर फुलतात. कारागीर घोडी कानशीनं घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, कान देतो, पुन्हा सरकवतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही जवारीची विद्याही आहे. जवारी आणि फझ एक नव्हेत, तेव्हा कुणा गवयानं रागावू नये. पण दोन्हीकडे शेवटचा निकाल कानच देतो.

फझ पेडल घरी बनवायचं तर लंडनच्या आर्बिटर कंपनीच्या १९६६ च्या ‘फझ फेस’पासून सुरुवात करा. जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी असायचा तोच. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. एवढ्यात सर्किट संपलं! जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मिळाले तर आवाज मऊ येतो, पण ते उन्हाला भारी हळवे. तापले की त्यांच्यातून नको तो प्रवाह झिरपतो आणि आवाज गुदमरतो. आपल्याकडच्या मे महिन्यासाठी मी सिलिकॉनच सुचवीन. तुमच्या प्रयोगशाळेतला बीसी ५४७ चालतो. फक्त मूळच्या उलट तो एनपीएन आहे, म्हणून बॅटरीची दिशा उलटी करा.

खरी मजा पुढे आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे हवेत. त्यासाठी तिथे ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. तो काढून २० किलोओहमचा प्रीसेट लावा आणि गिटार वाजती ठेवून स्क्रू-ड्रायव्हरनं हळूहळू फिरवा. निम्म्यापासून ढळलात की लाटेची एक बाजू आधी कापली जाते. आणखी ढळलात की सूर तुटक येतो, शेवटी शेवटी तर गचके खातो. पुस्तकाच्या हिशेबानं हे चूक. पण एखाद्या गाण्याला तेच हवं असतं, मग मल्टिमीटर बाजूला ठेवा. मात्र त्याआधी किती व्होल्ट दिसतात ते वहीत लिहा. नाहीतर उद्या तोच आवाज परत मिळणार नाही. सापडलेला बिघाड पुन्हा हवा तेव्हा मिळेल असा करणं, स्नॉडीनं केलं ते हेच.

आवाज फार जाड वाटला तर सुरुवातीचा २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.१ चा लावा, खर्ज उतरेल. आणि गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण विसरू नका. ते थोडं उतरवलं की तेच पेडल जवळजवळ स्वच्छ बोलायला लागतं. पायानं बटण दाबण्यापेक्षा करंगळीनं व्हॉल्यूम फिरवणारा वादक मला जास्त तयारीचा वाटतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांकडे सुट्या भागांच्या काही पुड्या देऊन ठेवल्या आहेत. परीक्षा संपल्यावर मागून घ्या. बॅटरी मात्र आपापली आणायची. लावणीवाल्या मुलींनो, या आता.